लिनक्सवर मदरबोर्डचे रंगीत दिवे आवरता येतात. पण आधी बायोस उघडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, शिवाय इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६ ते २०१८ च्या सुमारास नागपूर, अमरावती, अकोल्याच्या बाजारातून जोडून आणलेले कितीतरी चांगले चालणारे संगणक या अटीतून बाद झाले. गावोगावची सेवा केंद्रे, अभ्यासिका आणि विद्यार्थी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणाली) टाकू लागले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण लिनक्स टाकल्यावर एक तक्रार हमखास येते, ती मदरबोर्डच्या रंगीत दिव्यांची. रंग बदलत नाही, दिवे विझत नाहीत, संगणक बंद केला तरी रात्रभर खोली लाल-हिरवी होत राहते. एवढ्या कारणासाठी कोणी विंडोजकडे परत जातो, तर कोणी कॅबिनेट उघडून वायरी ओढतो. दोन्हीची गरज नाही. मात्र क्रम चुकला तर नुकसान होते, म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

हा विषय शहरी हौसेचा वाटेल. खेड्यातल्या घरात तो तसा नाही. एकाच खोलीत अभ्यास आणि झोप दोन्ही असते. लाइन गेली की संगणक लहानशा यूपीएसवर येतो, तिथे प्रत्येक वॉट मोजून वापरावा लागतो. पावसाळ्यात रात्री दिव्यावर पाखरे येतात, जाळीतून कॅबिनेटमध्ये शिरतात आणि पंख्याच्या वाऱ्याने हीटसिंकच्या फटींत चिकटून बसतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की त्याच बंद झालेल्या फटी प्रोसेसर तापवतात.

मुळात अडचण लिनक्सची नाही. असूसचे आर्मरी क्रेट, गिगाबाइटचे आरजीबी फ्यूजन, एमएसआयचे मिस्टिक लाइट, एएसरॉकचे पॉलिक्रोम ही दिव्यांची सॉफ्टवेअर कंपन्यांनी फक्त विंडोजसाठी काढली. चिपशी कसे बोलायचे याचे कागदही त्यांनी खुले केले नाहीत. बाहेरच्या स्वयंसेवकांनी चिपचे वागणे पाहून पाहून ते शोधून काढले आणि त्यातून ओपनआरजीबी हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले. आज लिनक्सवर मदरबोर्डचे दिवे हाताळायचे तर मुख्य साधन तेच.

पण पहिला उपाय सॉफ्टवेअरचा नाहीच. ज्याला दिवे फक्त बंद हवे आहेत त्याने संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोस (मदरबोर्डमधलीच मूळ सेटिंग्ज, विंडोज किंवा लिनक्सच्या आधी चालणारी) उघडावा. असूसच्या अनेक बोर्डांत ‘अॅडव्हान्स्ड’मधल्या ‘ऑनबोर्ड डिव्हाइसेस कॉन्फिगरेशन’खाली दिव्यांच्या दोन वेगळ्या ओळी असतात, एक संगणक चालू असतानाची आणि दुसरी झोपलेला किंवा बंद असतानाची. दोन्ही वेगवेगळ्या बंद कराव्या लागतात; एकच केली की ‘बायोसमधून बंद केले तरी रात्री दिवे लागतात’ अशी तक्रार उरते. गिगाबाइटमध्ये अशाच दोन ओळी ‘सेटिंग्ज’मधल्या ‘मिसलेनियस’खाली सापडतात. एएसरॉकच्या बऱ्याच बोर्डांत ‘टूल’ पानावर रंग निवडायचीच सोय आहे. एमएसआयच्या काही बोर्डांवर तर ‘ईझी एलईडी कंट्रोल’ नावाचा छोटा सरकता खटका असतो; कॅबिनेटचे झाकण काढायचे आणि तो खटका सरकवायचा, झाले.

संगणक बंद असताना दिवे का जळतात, हेही समजून घ्यावे. एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा) भिंतीच्या स्विचवर चालू असेपर्यंत मदरबोर्डला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज मिळत राहते, आणि दिव्यांची चिप तिच्यावरच जगते. बायोसमध्ये ‘ईआरपी रेडी’ किंवा नुसते ‘ईआरपी’ असा पर्याय असतो. तो चालू केला की बंद अवस्थेतली ही वीज जवळजवळ तोडली जाते आणि दिवे विझतात. त्याबरोबर नेटवर्कवरून संगणक जागा करणे, ठरावीक वेळी आपोआप सुरू होणे, बंद संगणकाच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज करणे हेही जाते. घरगुती वापरात याची उणीव फारशी भासत नाही. रात्री भिंतीचा स्विच बंद करणे हा त्याहून साधा उपाय आहे. आपल्याकडे आषाढात विजा कडाडतात तेव्हा तो तसाही करायलाच हवा.

आता ज्यांना रंग बदलायचा आहे, दिवा मंद करायचा आहे, किंवा ज्यांच्या बायोसमध्ये पर्यायच नाही, त्यांच्यासाठी पुढचे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात.

सर्वांत आधी पाहा, दिवा मदरबोर्डच्या ताब्यात आहे तरी का. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या पंख्यांना बहुधा मोलेक्स जोडणीतून (एसएमपीएसच्या चार वायरींच्या मोठ्या प्लगातून) थेट वीज जाते आणि त्यांचे रंग पंख्यातच ठरलेले असतात. किंवा कॅबिनेटच्या आतल्या छोट्या डबीतून सहा पिनांच्या वेगळ्याच जोडणीने ते चालतात. असा दिवा कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसणार नाही, विंडोजवरही नाही. त्याचा खटका कॅबिनेटवरच असतो, अनेकदा रीसेटचे बटणच त्या डबीला जोडलेले असते. ते एकदा दाबले की रंग बदलतो. बऱ्याच डब्यांत काही सेकंद दाबून धरले की विझतो. ‘ओपनआरजीबीला काहीच सापडत नाही’ असे कोणी म्हटले तर आम्ही आधी पंख्याची वायर कुठे जाते ते बघायला सांगतो.

दिवा मदरबोर्डचा असेल तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. २०१९ नंतरच्या बऱ्याच बोर्डांत दिव्यांची चिप आतूनच यूएसबीला जोडलेली असते आणि या यादीत दिसते. गिगाबाइटच्या बोर्डावर आयटीई कंपनीची चिप ०४८डी या क्रमांकाने येते, असूसची ०बी०५, एमएसआयची १४६२, एएसरॉकची २६सीई. अशी ओळ दिसली तर काम सोपे. ओपनआरजीबीच्या अधिकृत संकेतस्थळावरून डेबियनसाठीची डेब फाइल घेऊन बसवावी. फ्लॅटपॅक किंवा अॅपइमेज (सॉफ्टवेअर मिळण्याचे दुसरे दोन प्रकार) घेतली तर परवानगीचे नियम, म्हणजे ‘६०-ओपनआरजीबी डॉट रूल्स’ ही फाइल, वेगळी बसवावी लागते. ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडते पण बोर्ड दिसत नाही, आणि लोक सुडो (प्रशासकाचे पूर्ण अधिकार देणारा शब्द) लावून चालवू लागतात. तसे करू नये. नियमांची फाइल ‘ईटीसी’मधल्या ‘यूडेव्ह’च्या ‘रूल्स डॉट डी’ फोल्डरात ठेवावी, संगणक एकदा पुन्हा सुरू करावा, मग साध्या वापरकर्त्याला सगळे दिसते. अॅपइमेज उघडतच नसेल तर बहुधा ‘लिबफ्यूज२’ हे पॅकेज नसते.

खरी जपून चालायची जागा पुढे आहे. विंडोज ११ च्या अटीत न बसलेले जे बोर्ड, म्हणजे पहिल्या रायझनचे बी३५०, एक्स३७०, इंटेलचे बी२५०, झेड२७०, नेमके तेच आता लिनक्सवर येत आहेत. आणि त्यांतल्या बहुतेकांत दिव्यांची चिप यूएसबीवर नसून एसएमबस नावाच्या जुन्या, संथ वाहिनीवर असते. याच वाहिनीवर रॅमची माहिती साठवणारी चिपही बसते. रॅमच्या त्या चिपचे पत्ते सोळाच्या मोजणीत ५० ते ५७ असे असतात. तिथे चुकून काही लिहिले गेले तर रॅमची ओळखच पुसली जाते आणि संगणक बायोसपर्यंतही जात नाही. वाहिनी चाचपडताना चिप बिघडल्याची उदाहरणे जुनी आहेत. आयबीएमच्या काही थिंकपॅडमध्ये सेन्सर शोधणाऱ्या प्रोग्रामने अशीच मेमरी चिप बिघडवली होती. म्हणून कोणी यूट्यूबखाली ‘आय२सीसेट’ने सुरू होणारी आज्ञा लिहून दिली असेल तर ती आपल्या संगणकावर कधीही चालवू नका. ती त्यांच्या बोर्डाच्या पत्त्यासाठी असते.

ओपनआरजीबी मात्र ठरावीक पत्त्यांवर ठरावीक खुणा जुळल्या तरच पुढे जाते. त्याला वाहिनी मोकळी करून द्यायची एवढेच आपले काम. ‘सुडो मॉडप्रोब आय२सी-डेव्ह’ ही पहिली आज्ञा सर्वांना समान. दुसरी प्रोसेसरप्रमाणे: एएमडी असेल तर ‘सुडो मॉडप्रोब आय२सी-पीआयआयएक्स४’, इंटेल असेल तर ‘सुडो मॉडप्रोब आय२सी-आय८०१’. मग ओपनआरजीबी उघडून पुन्हा शोध घ्यायला सांगावे. बोर्ड दिसला तर ही दोन नावे, एका ओळीत एक अशी, ‘ईटीसी’मधल्या ‘मॉड्यूल्स-लोड डॉट डी’ फोल्डरात ‘आय२सी डॉट कॉन्फ’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवावीत, म्हणजे दर वेळी टंकावी लागत नाहीत.

नाहीच दिसला तर ‘सुडो डीएमईएसजी’ (लिनक्सचे अंतर्गत संदेश दाखवणारी आज्ञा) देऊन त्यात एसीपीआय आणि कॉन्फ्लिक्ट हे शब्द असलेली ओळ शोधावी. काही बोर्डांचा, विशेषतः गिगाबाइटचा, बायोस एसएमबसची जागा स्वतःच्या नावावर राखून ठेवतो, आणि लिनक्स तिथे दुसऱ्या ड्रायव्हरला जाऊ देत नाही. यावर सगळीकडे एक तोडगा सांगितला जातो: ग्रबच्या (संगणक सुरू होताना लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये ‘एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स’ लिहा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या आणि संगणक पुन्हा सुरू करा. तोडगा चालतो, पण तो काय करतो हे सांगितले जात नाही. एकाच पाटाचे पाणी दोघांनी एकाच वेळी आपापल्या वावरात वळवायला घेतले तर जे होते, ते होऊ नये म्हणून लिनक्सने पहारा ठेवलेला असतो. ही ओळ तो पहारा उठवते. म्हणून कॉन्फ्लिक्टची ओळ प्रत्यक्ष दिसली तरच ती वापरावी. यूएसबीवर चिप असलेल्या बोर्डाला तिची काहीच गरज नाही, तरीही ती डोळे झाकून टाकली जाते. आणि बोर्डाच्या चिपमध्ये रंग कायमचा साठवता येत असेल, म्हणजे ओपनआरजीबीमध्ये ‘सेव्ह टू डिव्हाइस’ हे बटण चालू दिसत असेल, तर एकदा रंग साठवून ती ओळ पुन्हा काढून टाकावी. हे कोणी करत नाही, पण करायला हवे.

एमएसआयच्या बोर्डांबद्दल वेगळे सांगणे गरजेचे आहे. मध्यंतरी काही एमएसआय बोर्डांची दिव्यांची चिप ओपनआरजीबीमुळे कायमची बंद पडली, तेव्हा प्रकल्पाने एमएसआयचा पाठिंबाच काढून घेतला होता. नंतर तपासलेल्या बोर्डांपुरताच, नावानिशी तो परत दिला. आपला एमएसआय बोर्ड दिसत नसेल तर त्याचा अर्थ बहुधा तो अजून तपासलेला नाही. जबरदस्तीने दाखवायची खटपट करू नये. बायोस किंवा बोर्डावरचा खटका वापरावा.

आता पट्टीचे दिवे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मीटरने मिळणारी रंगीत पट्टी मदरबोर्डला जोडायचा मोह होतो, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. बोर्डावर दोन प्रकारच्या पिना असतात. चार पिनांची जागा १२ व्होल्टची. तिथली सगळी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते. चौथ्या पिनेची जागा रिकामी सोडलेली तीन पिनांची जागा ५ व्होल्टची. तिथे प्रत्येक दिवा वेगळा चालतो. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर लावली की ती त्याच क्षणी जळते. प्लग बसतो आहे म्हणून लावू नका; पिना मोजा, बोर्डावर छापलेला व्होल्ट वाचा, आणि जोडणी करताना भिंतीचा स्विच बंद ठेवा.

दुसरा हिशेब करंटचा. डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक दिवा पूर्ण पांढरा जळताना सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीचे ३.६ अँपिअर झाले. बहुतेक बोर्डांवर या जागेची मर्यादा ३ अँपिअर, म्हणजे १५ वॉट असते. नेमका आकडा बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावा. तेव्हा एक मीटर पट्टी लावायची तर प्रकाश निम्म्याच्या आतच ठेवावा. जास्त हवी असेल तर वीज एसएमपीएसच्या मोलेक्समधून घ्यावी, लाल वायर ५ व्होल्ट, काळी जमीन (ग्राउंड), पिवळीला हात लावू नये कारण ती १२ व्होल्टची, आणि बोर्डाकडून फक्त डेटा आणि जमीन जोडावी. जमीन एक केली नाही तर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात.

पट्टी जोडल्यावर ओपनआरजीबीला दिव्यांची संख्या हाताने सांगावी लागते, कारण पट्टीवर किती दिवे आहेत हे कळवायची सोय त्या वायरीत नाही. त्या जागेचा झोन निवडून संख्या भरली नाही तर झोन शून्यावर राहतो आणि काहीच पेटत नाही. कमी भरली तर टोकाचे दिवे जुन्याच रंगावर अडकून राहतात. लाल मागितल्यावर हिरवा आला तर पट्टी बिघडलेली नाही. या दिव्यांत रंगांचा क्रम हिरवा-लाल-निळा असतो आणि बोर्डाची समजूत वेगळी असते, एवढेच.

रंग लावायची आज्ञा सोपी आहे. ‘ओपनआरजीबी --लिस्ट-डिव्हाइसेस’ने आपल्या बोर्डाचा क्रमांक आणि त्याचे प्रकार कळतात. मग ‘ओपनआरजीबी -डी ० -एम स्टॅटिक -सी ३३००००’ दिले की शून्य क्रमांकाचे उपकरण मंद लाल होते. ज्या बोर्डात ‘ऑफ’ हा प्रकार नसेल तिथे रंगाच्या जागी सहा शून्ये लिहावीत. ‘डायरेक्ट’ आणि ‘स्टॅटिक’ यांतला फरकही लक्षात ठेवावा. डायरेक्टमध्ये प्रत्येक बदल संगणक पाठवतो. स्टॅटिक, ब्रीदिंग, रेनबो हे चिप स्वतः चालवते, प्रोसेसरला त्याचा भार नसतो. जुन्या संगणकावर चिपचाच प्रकार वापरावा.

पुन्हा सुरू केल्यावर रंग जातो, ही पुढची तक्रार. ओपनआरजीबीच्या सेटिंग्जमध्ये लॉगइनबरोबर सुरू होण्याची आणि जतन केलेले प्रोफाइल लावण्याची सोय आहे. ती पुरेशी आहे. काही जण सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा लिहितात आणि ती चालत नाही. कारण सेवा रूटच्या (प्रशासकाच्या) नावाने चालते, आणि आपण जतन केलेले प्रोफाइल व पट्टीच्या दिव्यांची संख्या आपल्या होम फोल्डरातल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये असते. रूटला ते दिसत नाही. सेवेत प्रोफाइलऐवजी वरची रंगाची आज्ञाच लिहावी, किंवा सेवा आपल्या नावाने चालवावी. संगणक झोपेतून उठल्यावर रंग बिघडत असेल तर यूएसबीची चिप जागी व्हायला वेळ घेते. ‘सिस्टमडी’च्या ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरातल्या स्क्रिप्टमध्ये तीन-चार सेकंद थांबून मग आज्ञा द्यावी. त्याच संगणकावर विंडोजही असेल तर तिथले कंपनीचे सॉफ्टवेअर काढून टाकावे, नाहीतर ते दर वेळी आपला रंग पुन्हा लिहिते. आणि चिप अडकलीच, कशालाही दाद देईना, तर संगणक बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, मिनिटभराने पुन्हा लावावे. नुसते रीस्टार्ट करून उपयोग नाही, स्टँडबाय वीज गेल्याशिवाय चिप मोकळी होत नाही.

यातून वीज किती वाचते? दिवे १० वॉट घेत असतील आणि दिवसरात्र जळत असतील तर महिन्याला सुमारे ७ युनिट. एका घराला ते थोडे. पण दहा संगणकांच्या अभ्यासिकेत दिवसाला १२ तास धरले तरी रोजचे सव्वा युनिट होते, आणि लाइन गेल्यावर तेच १०० वॉट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर येतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरीच्या साध्या यूपीएसमध्ये कागदावर ८४ वॉट-तास असतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळतात. तिथे १० वॉट कमी झाले तर फाइल जतन करून संगणक नीट बंद करायला अवधी मिळतो. दिवे ठेवायचेच असतील तर पावसाळ्यात मंद लाल ठेवावेत. पाखरे निळ्या-पांढऱ्या प्रकाशाकडे जास्त ओढली जातात, लालकडे कमी.

म्हणून दोन मागण्या. ग्रामपंचायती, शाळा आणि सार्वजनिक अभ्यासिका यांनी संगणकाच्या खरेदीपत्रकात एक ओळ जोडावी: ‘मदरबोर्डवर दिवे नसावेत, किंवा चालू व बंद दोन्ही अवस्थांत ते बायोसमधून बंद करता यावेत.’ पुरवठादाराला याचा जादा खर्च नाही. दिवे नसलेला बोर्ड बहुधा स्वस्तच असतो. आणि विक्रेत्यांनी संगणक देताना बायोसमधला हा पर्याय ग्राहकाला दाखवून द्यावा. कंपन्यांनी चिपचे कागद खुले करावेत ही मागणी त्याहून मोठी आहे, पण ती ग्राहकांनी बोर्ड घेताना विचारायला सुरुवात केल्याशिवाय कोणी मनावर घेणार नाही.

ज्यांचा बोर्ड ओपनआरजीबीत अजून दिसत नाही त्यांनी बोर्डाचे पूर्ण नाव, त्यावर छापलेली आवृत्ती, ‘एलएसयूएसबी’ची यादी आणि दिव्यांच्या चिपचा स्पष्ट फोटो गिटलॅब या संकेतस्थळावरच्या ओपनआरजीबी प्रकल्पात नव्या उपकरणाची नोंद म्हणून टाकावा. इंग्रजी मोडके असले तरी चालते, माहिती पूर्ण हवी. विंडोजही असेल तर कंपनीचे सॉफ्टवेअर चालवताना यूएसबीवरून काय जाते याची वायरशार्क या प्रोग्रामने केलेली नोंद सोबत दिल्यास काम लवकर होते.

आपले,
संगणक जोडणी व दुरुस्ती करणारे काही वाचक,
दर्यापूर, जि. अमरावती